पिंपातलं पोर आणि एक सही

आमच्या आतेसासूबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण, आता ८६ वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडे गेलं की एक कार्यक्रम ठरलेला असतो. चहा होतो, कपाटातून जुनं जाडजूड बायबल बाहेर येतं, पहिल्या कोऱ्या पानावर शाईने लिहिलेली घराण्याची नावं बोट ठेवून वाचली जातात, आणि मग ती गोष्ट. आपला मूळपुरुष फ्रान्समधून इंग्लंडला आला, १६८५ साली, वाइनच्या पिंपात लपून, तेव्हा तो पाच वर्षांचं पोर होता. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून हे ऐकतेय, नवरा तर पाळण्यात असल्यापासून. त्या पोराचं नाव कुणाला धड सांगता येत नाही, गाव तर नाहीच नाही, पण पिंप मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ.

गेली अडीच वर्षं मी या पिंपाच्या मागे आहे. रात्री सगळे झोपले की लॅपटॉप उघडायचा आणि दोन-दोन वाजेपर्यंत तीनशे वर्षांपूर्वीच्या वह्यांचे स्कॅन झूम करत बसायचं, असं चाललं होतं. आता धागा हाताला लागलाय म्हणून सगळं सलग लिहून काढतेय. घरच्यांनी आडनाव आणि खेड्याचं नाव लिहू नको म्हटलंय, ते नाही लिहीत, बाकी जे सापडलं ते जसंच्या तसं.

ही गोष्ट ह्यूगनोंची. ह्यूगनो म्हणजे फ्रान्समधले, कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या वळणाचे प्रोटेस्टंट. कॅथलिक देशात अल्पसंख्य, आणि छळ पहिल्यापासून. १५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी जे हत्याकांड सुरू झालं ते इतिहासात वाचलेलं असतं बऱ्याच जणांनी. मग १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नांतचा जाहीरनामा काढला आणि या लोकांना आपापल्या पद्धतीने प्रार्थना करायची मुभा मिळाली, ती पुढे थोडी थोडी करून कुरतडली गेली, आणि ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने तो जाहीरनामाच रद्द केला. प्रार्थनागृहं पाडायची, पाद्र्यांनी १५ दिवसांत देश सोडायचा, मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्येच करायचा. आणि माझ्या मनातून जात नाही अशी गोष्ट म्हणजे पाद्र्यांना हाकलून दिलं, पण साध्या माणसांना देश सोडायची बंदी! म्हणजे राहायचं तर धर्म सोडून राहा, आणि पळताना सापडलात तर पुरुषांना आरमाराच्या गॅलींवर बेड्या घालून वल्ही मारायची शिक्षा आणि बायकांना कैद. दक्षिणेत एग-मोर्त गावात कॉन्स्टन्स नावाचा बुरूज आहे, तिथे मारी द्यूरां नावाची बाई १७३० ते १७६८ अशी ३८ वर्षं बंदिस्त होती, धर्म सोडते म्हटलं असतं तर सुटली असती, ती तसं म्हणाली नाही. तरीसुद्धा सुमारे २ लाख माणसं निसटली, त्यातली ५० हजारांच्या आसपास इंग्लंडला आली असं मानतात. आज आपण रेफ्युजी शब्द किती सहज वापरतो, तो इंग्रजीत रुळला तो या लोकांमुळे.

तर मी सुरुवात केली ती चुकीच्या टोकाकडून. मला वाटलं १६८५ साल माहीत आहे, तर तेव्हाची जहाजांवरच्या प्रवाशांची यादी शोधावी, त्यात नाव मिळेल. अशी यादीच नसते! जी माणसं लपूनछपून, रात्री, कोळ्यांना पैसे देऊन निघाली त्यांची यादी कोण करणार? आणि हळूहळू हेही कळलं की पिंपाची गोष्ट फक्त आमच्या घरात नाहीये. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांसाठी १७२४ पासून पुढे कागद पुरवलेलं पोर्टल घराणं, त्यांचा हेन्री पोर्टलसुद्धा लहानपणी पिंपात लपून आला अशीच दंतकथा आहे. कुठे पिंप असतं, कुठे भाजीची टोपली असते. हे समजल्यावर मी दंतकथा बाजूला ठेवली आणि आपल्यापासून मागे जायला लागले, एकेक पिढी, एकेक कागद. कुणी विचारलं तर मी हेच सांगेन बाबा, आजपासून मागे जा, १६८५ पासून पुढे यायचा प्रयत्न करू नका, नाहीतर आडनाव जुळतं म्हणून भलत्याच माणसाला आपला पणजोबा करून बसाल. आणि फ्रेंच वाटणारं आडनाव म्हणजे ह्यूगनोच असंही नसतं, नॉर्मन काळापासून आलेली फ्रेंच नावं इंग्लंडमध्ये भरपूर आहेत, शिवाय १६८५ च्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी आलेले वालून लोक होते, आजच्या बेल्जियमच्या बाजूचे, त्यांचीही नावं फ्रेंचच.

आमच्याकडे उलटाच प्रकार. आमचं आडनाव आज एक साधा इंग्रजी शब्द आहे, बघून कुणाला फ्रान्सची शंकाही येणार नाही. कुणी द्युब्वाचं वुड केलं, कुणी ल ब्लांचं व्हाइट, कुणी आपणहून केलं तर कुणाचं इंग्रज कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहून टाकलं. आमच्या आडनावाची मला पाच स्पेलिंगं सापडली, त्यातली दोन एकाच माणसाच्या दोन मुलांच्या नोंदीत. अशा वेळी डोळ्यांनी वाचून उपयोग नाही, मोठ्याने म्हणून बघायचं, एकदा इंग्रज तोंडाने आणि एकदा फ्रेंच तोंडाने. मी रात्री स्वयंपाकघरात एकटी बसून तेच करायचे.

१८४१ च्या जनगणनेपर्यंत गाडी सरळ गेली. पूर्व लंडनमधलं बेथनल ग्रीन, एका खोलीत सात माणसं, आणि घरच्या कर्त्याचा धंदा रेशीम विणकर. वय ६०. आता या जनगणनेत १५ वर्षांवरच्या माणसाचं वय पाचच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ६० लिहिलंय तो ६४ चाही असू शकतो, हे मला आधी ठाऊक नव्हतं आणि मी चुकीच्या सालात बाप्तिस्मा शोधत बसले होते. ते सुधारल्यावर हा माणूस मिळाला, त्याचा बाप मिळाला, बापाचं लग्न स्पिटलफील्ड्सच्या क्राइस्ट चर्चमध्ये झालेलं मिळालं.

स्पिटलफील्ड्सबद्दल थोडं लिहायलाच हवं. लंडन शहराच्या भिंतीबाहेरचा हा भाग ह्यूगनो विणकरांनी वसवल्यासारखाच होता. फूर्निए स्ट्रीटवर आजही ती उंच विटांची घरं उभी आहेत, माळ्याला लांबच लांब खिडक्या, कारण रेशमाचा बारीक धागा दिसायला उजेड हवा. मी तिथे तीनदा जाऊन आले. त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर, ब्रिक लेनला लागून, १७४३ साली ह्यूगनोंनी बांधलेलं प्रार्थनागृह आहे, ते पुढे मेथडिस्टांकडे गेलं, १८९८ पासून ज्यूंचं सिनॅगॉग झालं आणि १९७६ पासून तिथे मशीद आहे. भिंतीवर वर सावलीचं घड्याळ आहे, त्यावर १७४३ साल आणि लॅटिनमध्ये दोनच शब्द, उम्ब्रा सुमुस, आपण सावली आहोत. खाली शुक्रवारच्या नमाजाला माणसं जात होती आणि मी मान वर करून ते दोन शब्द बघत उभी होते, बराच वेळ.

विणकरांचं पुढे फार वाईट झालं. १७७३ च्या कायद्याने त्यांची मजुरी बांधून दिली होती, तो कायदा १८२४ मध्ये रद्द झाला, आणि १८६० मध्ये फ्रान्सशी व्यापाराचा तह होऊन फ्रेंच रेशमावरची जकात गेली तेव्हा उरलेसुरले मागही बंद पडत गेले. आमच्या घरातला शेवटचा विणकर १८६१ च्या जनगणनेत गोदीत हमाल आहे.

असो. आता खरी अडचण सुरू झाली. १७५४ पासून इंग्लंडमध्ये कायदाच आला की लग्न अँग्लिकन चर्चमध्ये लागलं तरच वैध, सूट फक्त ज्यू आणि क्वेकर लोकांना, त्यामुळे त्यानंतरची ह्यूगनो लग्नं इंग्रज चर्चच्या वह्यांत असतात. त्याआधीचं शोधायचं तर फ्रेंच चर्चच्या वह्या धुंडाळायच्या, आणि अशी चर्च लंडनमध्ये एक-दोन नव्हती, डझनावारी होती. सगळ्यांत जुनं थ्रेडनीडल स्ट्रीटचं, सहाव्या एडवर्डने १५५० मध्ये सनद दिली तेव्हापासूनचं. या वह्या १८४० च्या सुमाराला सरकारने गोळा केल्या, त्या आता लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी अभिलेखागारात आहेत, आणि १८८५ मध्ये ह्यूगनो सोसायटी निघाली तिने त्यातल्या बहुतेक अक्षर न् अक्षर छापून काढल्या. त्या माणसांचे किती आभार मानावेत! शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी दिव्याखाली बसून ते किरटं अक्षर लावलं म्हणून मला आज घरबसल्या वाचता येतंय.

आणि या फ्रेंच वह्या उघडल्या तेव्हा मला अक्षरशः भरून आलं, कारण इंग्रज चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद म्हणजे अमक्याचा मुलगा अमका, आई मेरी. संपलं. कुठली मेरी? लंडनमध्ये मेरी काय कमी होत्या? फ्रेंच वहीत मात्र आईचं माहेरचं आडनाव असतं, कारण फ्रान्समध्ये बाईचं कागदोपत्री नाव लग्नाने बदलत नाही, ती जन्मते त्याच नावाने मरते. शिवाय धर्मपिता कोण, धर्ममाता कोण, आणि ती बहुतेक वेळा आत्या, मावशी, काका असतात. एका नोंदीत पाच-सहा माणसं, नाती जोडत जा. मला १७०३ सालच्या एका बाप्तिस्म्यात आमचा विणकरांचा पूर्वज मिळाला, त्याच्या बापाचं आमच्याच आडनावाचं जुनं फ्रेंच रूप, आईचं माहेरचं आडनाव पूर्ण लिहिलेलं, आणि धर्ममाता त्याच माहेरच्या आडनावाची, म्हणजे उघडच मावशी. बापाचं आडनाव तसं चारचौघांसारखं होतं, त्यावरून काही लागलं नसतं. पण आईचं आडनाव दुर्मिळ. तिथून पुढचा सगळा शोध या बाईच्या नावावर झाला, आणि बायबलच्या त्या पानावर हिचं नाव कुठेच नाहीये.

पाच वर्षांचं पोर काही सापडेना. नवरा-बायको १७०३ मध्ये लंडनला आहेत, पण आले कधी, कुठून? दुसऱ्या गावाहून कुणी आलं की आधीच्या चर्चचं प्रशस्तिपत्र आणायचं, त्याला तेम्वान्याज म्हणायचे, आणि थ्रेडनीडल स्ट्रीटला त्याची वेगळी वही होती, १६६९ पासूनची. तीत हे दोघं नाहीत. चार महिने मी तिथेच अडकून होते. मग एकदा सहज, म्हणजे खरंच दुसरं काही सुचेना म्हणून, वेस्टमिन्स्टरकडच्या साव्हॉयच्या फ्रेंच चर्चचं एक पुस्तक उघडलं, १६८४ ते १७०२. धर्मांतरं आणि रकोनेसांस यांची नोंदवही. आणि नोव्हेंबर १६९९ च्या पानावर दोघांची नावं एकाखाली एक, प्वातू प्रांतातली, मेल गावाजवळची.

रकोनेसांस म्हणजे काय ते मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. ज्यांनी फ्रान्समध्ये दडपणाखाली आपला धर्म सोडल्याची शपथ घेतली होती, जे मिसेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला गेले होते, त्यांनी इथे आल्यावर चर्चमध्ये सगळ्यांसमोर ती चूक कबूल करायची, मग त्यांना परत आपल्यात घेतलं जाई. म्हणजे आमचे मूळ पुरुष आणि मूळ स्त्री १६८५ मध्ये पळालेच नव्हते. त्यांनी धर्म सोडला होता, १४ वर्षं कॅथलिक म्हणून राहिले होते आणि मग आले होते. लॅपटॉप बंद केला आणि तशीच बसून राहिले, कारण आतेसासूबाईंना हे कसं सांगायचं ते सुचेना. त्यांच्या सगळ्या गोष्टीत आपली माणसं वाकली नाहीत हाच तर अभिमान आहे.

त्यात एक नोंद आडवी येत होती. सोहोच्या सेंट ॲन चर्चच्या वहीत याच आडनावाच्या एका तान्ह्या मुलीचं दफन आहे, फेब्रुवारी १६९९. (ह्यूगनोंची प्रेतं बहुतेक इंग्रज चर्चच्या आवारातच पुरत, स्वतःची दफनभूमी फार थोड्या ठिकाणी होती.) आता नोव्हेंबर १६९९ मध्ये जे लंडनला चर्चपुढे पहिल्यांदा उभे राहिले त्यांचं मूल नऊ महिने आधी लंडनला कसं वारेल? म्हणून मी ही नोंद वेगळ्या घराची समजून सोडून दिली होती. पण इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवीन वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला! म्हणजे नोव्हेंबर १६९९ आधी येतो आणि फेब्रुवारी १६९९ नंतर, आपल्या हिशोबाने तो १७०० चा फेब्रुवारी. फ्रान्समध्ये मात्र वर्ष १ जानेवारीलाच बदलायचं आणि तारीखही इंग्लंडच्या दहा दिवस पुढे. तर ती मुलगी यांचीच. म्हणजे ही बाई पोटुशी असताना, किंवा तान्हं मूल पोटाशी धरून, समुद्र ओलांडून आली आणि पहिल्याच हिवाळ्यात ते मूल गेलं. १७०३ चं मूल त्यानंतरचं.

मग १६९९ च का? याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकात मिळालं. १६९७ मध्ये रिस्विकचा तह झाला, युद्ध संपलं, आणि ह्यूगनोंना आशा होती की या तहात इंग्लंड आणि हॉलंड आपल्यासाठी काहीतरी मागून घेतील, जाहीरनामा परत येईल. तसं काही झालं नाही. उलट सैन्य मोकळं झालं आणि पुन्हा सक्ती सुरू झाली, आणि जे इतकी वर्षं कळ काढून थांबले होते त्यातले कितीतरी तेव्हा निघाले. आमचे हे दोघं त्यातले. ते घाबरून गप्प बसले होते असं मला नाही वाटत, ते वाट बघत होते. आपलं घर, आपली जमीन, आपली माणसं, ती सोडायला कुणाला आवडतं?

प्वातूचं तर सगळ्यांच्या आधी सुरू झालं होतं. १६८१ मध्येच तिथे ड्रॅगून शिपाई प्रोटेस्टंटांच्या घरात मुक्कामाला धाडले, घरातल्यांनी धर्म सोडेपर्यंत राहायचं, खायचं, नासधूस करायची. ड्रॅगोनाद म्हणतात याला. पुढे १६८५ मध्ये हाच प्रयोग देशभर.

फ्रान्समधला शोध मला वाटलं होतं त्याच्या मानाने सोपा गेला, कारण तिथल्या जिल्हा अभिलेखागारांनी जुन्या वह्या स्कॅन करून ऑनलाइन ठेवल्यात. मेलचा भाग आज द-सेव्र जिल्ह्यात येतो, अभिलेखागार नियोरला. प्रोटेस्टंट प्रार्थनागृहांच्या वह्या १६८५ ला थांबतात, ज्या वाचल्यात त्या, पुष्कळ हरवल्या, जाळल्या गेल्या. त्यानंतर तेच लोक कॅथलिक चर्चच्या वहीत नवे धर्मांतरित म्हणून येतात. वाचायला त्रास अक्षराचा, आणि त्याहून जास्त संक्षेपांचा. महिन्याच्या जागी नुसता ८ आणि पुढे ब्र असं लिहिलेलं असतं, मी ते ऑगस्ट धरत होते, तो ऑक्टोबर! लॅटिनमध्ये आठ म्हणजे ऑक्टो, त्यावरून. ७ म्हणजे सप्टेंबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. तसंच बापाच्या नावाआधी फ्यो असा शब्द येतो, डिक्शनरीत बघितलं तर आग, पण इथे त्याचा अर्थ कैलासवासी. हा एक शब्द वाचता आला की बाप त्या तारखेआधी वारला हे समजतं, मृत्यूची नोंद हरवली असली तरी.

बाय द वे, भाच्याने मध्येच डीएनए टेस्ट केली होती, म्हणाला मामी एवढं कशाला वाचत बसतेस. फ्रान्समधलं एकही जवळचं नातं त्यात निघालं नाही, आणि त्यात नवल नाही, फ्रान्समध्ये वंश शोधण्यासाठी अशी टेस्ट करायलाच बंदी आहे, ३,७५० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे तिकडची माणसं त्या यादीत फारशी येतच नाहीत. तेव्हा शेवटी कागदच.

आणि कागद मिळाला. १६८५ चं वर्ष संपताना त्या खेड्याच्या क्युरेने, म्हणजे तिथल्या कॅथलिक धर्मगुरूने, एकाच दिवशी गावातल्या लोकांच्या धर्मत्यागाच्या शपथा लिहून घेतल्यात. पानामागून पान. बहुतेकांच्या नावापुढे सही करता येत नाही असं लिहिलंय. काहींनी केलीय. आणि तिसऱ्या पानाच्या तळाला, बाप, आई आणि धाकटी बहीण यांच्यानंतर, आमच्या या मूळ स्त्रीची सही. माहेरचं पूर्ण नाव. वय २१ लिहिलंय. हात कच्चा नाही, लिहायची सवय असलेला आहे, आणि आडनावातल्या डी अक्षराची दांडी वर जाऊन मागे वळलीय, आधीच्या तीन अक्षरांवर छप्पर धरल्यासारखी, टोकाला हुकसारखा एक छोटा आकडा. मी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि का कोण जाणे, फोनवर वॉलपेपर करून ठेवला.

तो आकडा मला परत दिसला तो या वर्षीच्या मार्चमध्ये, क्यूला. विधवा झाल्यावर तिने १७३३ मध्ये मृत्युपत्र केलं होतं. कोर्टाच्या वहीत त्याची इंग्रजी प्रत आहे, फ्रेंचवरून नोटरीने भाषांतर केलेली, ती मी आधीच वाचली होती. तीत एक माग मुलाला, फ्रेंच बायबल मुलीला, पाच पौंड फ्रेंच चर्चच्या गरिबांना, आणि स्वतःची ओळख काय सांगितलीय तर अमक्या पिंप बनवणाऱ्याची विधवा. पिंप बनवणारा! नवरा कारागीर होता, फ्रेंचमध्ये तोनेलिए. आमच्या घरातलं पिंप इथून आलं असावं असं मला वाटतं, पोर पिंपातून आलं नाही, पिंप करणारा हात आला, आणि दोनशे-तीनशे वर्षांत सांगता सांगता गोष्टीने आकार बदलला. पण वहीतल्या प्रतीवर सही नसते, ती कारकुनाची नक्कल. मूळ कागद वेगळे ठेवलेले असतात, आगाऊ सांगून मागवावे लागतात. मागवला. जाडसर पिवळट कागद, घड्यांवर झिजलेला, चार घड्या, म्हणजे खिशात मावेल एवढा. डोक्यावर इंग्रज कारकुनाने तिला नवऱ्याच्या आडनावाने लिहिलंय. आणि खाली तिने सही केलीय माहेरच्या नावाने, इंग्लंडमध्ये ३४ वर्षं राहूनसुद्धा. अक्षर थरथरलंय, एक अक्षर तर गळलंच आहे, पण डीची दांडी वर जाऊन मागे वळलीय आणि टोकाला तोच आकडा. ४८ वर्षांनी. माझ्या समोरच्या टेबलावर. तिथे मोठ्याने बोलायचं नसतं, मी तोंडावर हात दाबून धरला.

मे महिन्यात आम्ही दोघं मेलला जाऊन आलो. त्या भागात एक गोष्ट बघायला मिळते ती दुसरीकडे मी पाहिली नाही. शेतांच्या मधोमध, कधी घरामागच्या परसात, दगडी कुंपणाच्या आत चार-सहा थडगी आणि शेजारी सायप्रस किंवा पाइनची झाडं. कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारली म्हणून प्रोटेस्टंटांनी आपली माणसं आपल्याच जमिनीत पुरली, आणि ती घराण्याची छोटी स्मशानं अजून आहेत. हिचा भाऊ मागे राहिला होता. पळून गेलेल्यांची मालमत्ता जप्त व्हायची, आणि १६८९ च्या हुकमाने ती मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकांना मिळायला लागली, तर हिच्या वाट्याची जमीनही त्याच्याकडेच गेली असणार. तो कॅथलिक झाला असं कागद म्हणतो. पण १७८७ मध्ये सोळाव्या लुईने प्रोटेस्टंटांना जन्म-लग्न-मृत्यूची कायदेशीर नोंद करायचा हक्क दिला, तेव्हा चाळीस-चाळीस वर्षं गुपचूप संसार केलेली म्हातारी जोडपी नोंद करायला आली, मागे मुलं आणि नातवंडं घेऊन, आणि त्यांत या भावाचा पणतू आहे. म्हणजे शंभर वर्षं त्या घराने आतल्या आत धर्म जपला होता. कागदावर एक आणि घरात एक.

(आणखी एक, १५ डिसेंबर १७९० च्या कायद्याने धर्मासाठी देशाबाहेर गेलेल्यांच्या वंशजांना, कितव्याही पिढीतले असोत, फ्रान्सला परत येऊन राहिले तर फ्रेंच नागरिक मानायचं ठरलं होतं, आणि ती तरतूद १९४५ पर्यंत होती. आतेसासूबाईंच्या आजोबांना हे कुणी सांगितलं असतं तर!)

परत आल्यावर आतेसासूबाईंकडे गेलो. चहा झाला. मी आधी सगळं सांगितलं, पिंप नव्हतं, १६८५ नव्हतं, त्यांनी शपथ घेतली होती, १४ वर्षांनी आले. त्या काहीच बोलल्या नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग विचारलं, "किती वर्षांची होती ती तेव्हा?"

"२१."

"आणि घरात शिपाई?"

मी म्हटलं हो, बहुतेक घरांत होते.

मग मी दोन्ही सह्यांचे प्रिंट त्यांच्यापुढे ठेवले, शेजारी शेजारी. त्यांनी नखाने आधी वरच्या डीची दांडी गिरवली, मग खालच्या, मग परत वरच्या. बराच वेळ. शेवटी त्यांनी बायबल उघडलं, त्या पहिल्या पानावर सगळ्यांत वर, जिथे पिंपातल्या पोरासाठी म्हणून कुणीतरी पूर्वीच थोडी जागा सोडून ठेवली होती, तिथे बोट टेकवलं आणि पेन माझ्या हातात दिलं. माझा हात थरथरतो, तू लिही, म्हणाल्या. मी तिचं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. नवऱ्याचं त्याच्याखाली.